दिवाणजींची वही

माझ्या टेबलाच्या खणात एक लांबट वही आहे. लाल कापडी पाठीची, अडत दुकानात रोजकीर्दीला वापरतात तशी. बार्शीच्या बाजारात चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून नोकरी केलेल्या एका गृहस्थांची ही शुगरची वही. ते गेल्यावर त्यांच्या मुलानं ती मला आणून दिली. मीच मागितली होती.

दिवाणजींनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या तूर-ज्वारीच्या पट्ट्या केल्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, वजा जाता देणं. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे तोंडात, त्यामुळे कॅल्क्युलेटर शेजारी पडून असायचा. २००८ साली मी त्यांना इन्सुलिन सुरू केलं, तेव्हा त्यांनी त्याचाही हिशेब मांडला. पानाच्या माथ्यावर ‘श्री’. खाली चार रकाने : तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, युनिट. महिनाअखेरीला आडवी रेघ आणि खाली सरासरी. इतकी नेटकी शुगरची वही मी दुसरी पाहिलेली नाही.

२०१४ पर्यंतची पानं कोरल्यासारखी आहेत. मग कुठेतरी आकडे ओळ सोडायला लागतात. २०१५ च्या पावसाळ्यानंतर एकच तारीख दोनदा येते. युनिटचा २२ हा आकडा उपाशीपोटीच्या रकान्यात जाऊन बसतो. सरासरी काढणं बंद होतं, रेघ तेवढी राहते. पुढे रेघही जाते. ‘श्री’ मात्र शेवटच्या पानापर्यंत आहे.

हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा दर दीड महिन्यानं ही वही माझ्यासमोर उघडी असायची आणि मी आकडे बघत होते. उपाशीपोटी २१०, जेवणानंतर २८६. मागच्या खेपेपेक्षा जास्त. दिवाणजींकडे बघून मी म्हणाले होते, “दिवाणजी, तुम्ही हिशेबाचं माणूस. तुमच्याकडून ही हलगर्जी?” ते खाली बघत राहिले. केसपेपरवर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे : ‘औषधांत अनियमित. समज दिली.’ आणि त्याखाली वाढवलेले युनिट, सकाळी १८ चे २२, रात्री १० चे १४.

त्या दिवशी त्यांच्या पत्नी दारापाशी थांबल्या होत्या. “मॅडम, इंजेक्शन घेतलं का इचारलं की लई चिडत्यात. आधी असं नव्हते ओ हे.” बाहेर साठ-सत्तर पेशंट बसलेले. मी त्यांना म्हणाले, वय झालं की माणूस चिडचिडा होतो, तुम्ही शांत राहा. त्या बाईंनी रोगाचं पहिलं लक्षण माझ्या हातात आणून दिलं होतं आणि मी ते परत केलं.

जानेवारी २०१६. हुरड्याचे दिवस. पहाटे तीनच्या सुमाराला मुलानं त्यांना जीपमध्ये घालून आणलं. अंग घामानं थबथबलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही, एका बाजूचा हात झटके देत होता. अर्धांगवायूच आहे असं समजून सगळे रडत होते. बोटाला सुई टोचली. शुगर ३८. शिरेतून ग्लुकोज सोडलं आणि काही मिनिटांत दिवाणजींनी पत्नीला विचारलं, “दिवा का लावलाय?”

रात्रीचं इंजेक्शन त्यांनी दोनदा घेतलं होतं. आमचा सगळ्यांचा अंदाज होता की इन्सुलिनच्या पेनचा डायल चुकला असेल, डोळ्यांना कमी दिसतं म्हणून. चार वर्षांपूर्वी पडद्याला लेझर झालेलं होतंच. म्हणून तिसऱ्या दिवशी, घरी सोडण्याआधी, मी त्यांच्या हातात पेन आणि एक मोसंबं दिलं. मोसंब्यावर इंजेक्शन घ्यायला शिकवायची आमच्याकडे पद्धत आहे. म्हटलं, रोज घेता तसं घेऊन दाखवा.

त्यांनी पेन तळव्यांत घोळवलं. सुई लावली. डायल फिरवला, टिक टिक टिक, बरोबर २२ वर थांबवला. डोळ्यांचा प्रश्न नव्हताच. सुई मोसंब्यात घातली, बटण दाबलं, दहा आकडे मोजून सुई काढली. एकही पायरी चुकली नाही. पेन चादरीवर ठेवून त्यांनी मोसंबं पुसलं. मी समाधानानं त्यांच्या पत्नीकडे वळून जेवणाच्या वेळा विचारायला लागले. अर्धं मिनिट गेलं असेल. पुन्हा टिक टिक ऐकू आली. दिवाणजींनी पेन उचलून २२ लावले होते.

“दिवाणजी, आत्ताच घेतलंत की.”

“नाही बाई. अजून घ्यायचंय.”

एवढ्या शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाच शंका आली. मोसंब्यावर सुईचं भोक होतं आणि त्यातून औषधाचा थेंब आला होता. मी तो बोटानं पुसला. इतके महिने मी ज्याला हलगर्जी म्हणत होते, ते हे होतं.

दुपारी त्यांच्याजवळ निवांत बसले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, माझ्यापेक्षा लवकर. पाऊणकी म्हणायला सांगितली तर तीही सरळ. मुलाचा चेहरा उजळला. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की ह्यांची स्मरणशक्ती तल्लख आहे, कारण १९८२ सालच्या पट्ट्या त्यांना भावासकट आठवायच्या. मग मी कागद पुढे केला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गोल छान काढला. आकडे जागच्या जागी. नंतर त्यांनी एक काटा अकरावर नेला आणि दुसरा दहावर. दोन्ही काट्यांकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. आकडा आणि अक्षर आलटून पालटून जोडायचे होते, एकावरून अ, अवरून दोन, दोनवरून आ. तिथे ते पूर्ण अडले आणि पेन्सिल ठेवून दिली.

विसरणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नावं विसरणारं, वाट चुकणारं माणूस येतं. मधुमेहात बऱ्याचदा सुरुवात तशी होत नाही. आधी वेग जातो. मग एकापुढे एक कामं लावण्याची, हातातलं काम झालं की नाही याची खूण मनात ठेवण्याची ताकद जाते. पाठ केलेलं टिकतं. म्हणून पाऊणकी म्हणणारे दिवाणजी दोनदा इन्सुलिन घेत होते, कधी अजिबात घेत नव्हते, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

सोलापूरला एमआरआय करून आणला. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात ठिकठिकाणी बारीक रक्तवाहिन्यांचे जुने घाव. डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एकाच जातकुळीच्या. चार वर्षांपूर्वी लेझरचा कागद मी फाइलला लावला, तेव्हाच आत काय चाललं असेल याचा विचार करायला हवा होता.

मुलाची खव्याची भट्टी आहे. फिल्म हातात धरून तो विचारत होता, “शुगर रक्तात असती, मग मेंदूला काय झालं?” मी त्याला त्याच्याच भट्टीवर नेलं. दूध आटत आलं की खव्याला बदामी रंग चढतो, तो कशानं? दुधातली साखर दुधातल्या प्रथिनांना चिकटते त्यानं. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. भट्टीवर ती काही मिनिटांत होते. माणसाच्या अंगात ३७ अंशांना तीच क्रिया वर्षानुवर्षं सावकाश चालते. रक्तात साखर जितकी जास्त तितकी ती प्रथिनांना जास्त चिकटते. एचबीएवनसी म्हणून आपण जी तपासणी करतो ती याचीच मोजणी, लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याची. लाल पेशी साधारण १२० दिवसांत मरते, नवी येते, म्हणून तिथला हिशेब दोन-तीन महिन्यांचा. रक्तवाहिनीच्या भिंतीतली प्रथिनं मात्र वर्षानुवर्षं तीच राहतात. त्यांच्यावर चढलेली पुटं ती वाहिनी ताठ करतात, आणि ती निघत नाहीत.

“आणि आच जास्त झाली तर?” मी विचारलं.

“तळाला लागतं,” तो म्हणाला.

पेशीतही तसंच होतं. मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के, पण इंधन साधारण वीस टक्के खातो. स्नायूंच्या पेशीत साखर शिरायची तर मुख्यतः इन्सुलिननं दार उघडावं लागतं. मेंदूच्या पेशींचं दार बहुतांशी इन्सुलिनवाचून उघडं असतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचंही तसंच. रक्तात साखर वाढली की यांना ती थोपवता येत नाही. पेशीतल्या भट्ट्या, म्हणजे तंतुकणिका, झेपेल त्याहून जास्त जळण मिळाल्यावर धूर सोडतात. तो धूर म्हणजे ऑक्सिजनचे अस्थिर, चावरे रेणू. न्यूयॉर्कचे मायकेल ब्राऊनली हे स्वतः लहानपणापासून मधुमेही. मधुमेहातल्या पेशींच्या नुकसानीच्या चार वेगवेगळ्या वाटा तोवर माहीत होत्या. त्या चारही एकाच उगमातून, याच तंतुकणिकांच्या धुरातून, निघतात अशी मांडणी त्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये केली. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मूत्रपिंड, डोळा, पाय हे डोळ्यांसमोर होते. मेंदू नव्हता.

पेशीच्या आत आणखी एक कारखाना असतो, नव्या प्रथिनांच्या घड्या घालणारा, आंतर्द्रव्यजालिका नावाचा. पेशीवर ताण आला की घड्या चुकतात, चुकीचा माल साठतो. मग पेशी स्वतःला वाचवायला उत्पादनच कमी करते. काही काळ त्यानं तिचा जीव वाचतो. पण आठवण पक्की व्हायला चेतापेशींच्या जोडांवर ताजी प्रथिनं लागतात. ताण वर्षानुवर्षं राहिला तर जोड उपाशी राहतात आणि शेवटी पेशी मरते. यातला पुष्कळसा भाग प्रयोगशाळेत, उंदरांवर पाहिलेला आहे. दिवाणजींच्या मेंदूत त्यातलं नेमकं किती आणि रक्तवाहिन्यांच्या घावांचं किती, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. अल्झायमरला काही जण ‘टाइप थ्री डायबेटिस’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. मधुमेह झालेल्या बहुसंख्य माणसांना स्मृतिभ्रंश होत नाही आणि नुसत्या नावानं त्यांची झोप उडते. धोका वाढतो, एवढं खरं. रॉटरडॅममध्ये सहा हजारांहून अधिक वयस्कांना काही वर्षं पाहिलं, त्यात मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं. हा अहवाल १९९९ चा आहे, माझी एमडी चालू होती तेव्हाचा.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते जास्त शुगरचं नाही, कमी शुगरचं. जास्त साखर हळूहळू जाळते, कमी साखर एका रात्रीत उपाशी मारते. मेंदूत साखरेचा साठा जवळजवळ नसतोच. २००९ मध्ये अमेरिकेच्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. टाइप टू मधुमेहाच्या सोळा हजारांहून अधिक वयस्क रुग्णांची पाहणी होती. रुग्णालयात न्यावं लागेल इतकी शुगर एकदा उतरलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला होता, तीन किंवा त्याहून जास्त वेळा उतरलेल्यांत तो जवळजवळ दुप्पट होता. आणि उलटी बाजूही आहे. ज्याची बुद्धी मंदावत चालली आहे तोच डोस दोनदा घेतो, घेऊन जेवायला विसरतो, घाम फुटला तरी साखर खायचं त्याला सुचत नाही. मेंदू दुबळा म्हणून शुगर उतरते, शुगर उतरते म्हणून मेंदू आणखी दुबळा होतो. या चक्रात मी दिवाणजींचे आठ युनिट वाढवले होते.

का वाढवले, तर साडेसहाच्या आत एचबीएवनसी आणायचा मला ध्यास होता. तो आकडा आला की मला बरं वाटायचं. खरं तर २००८ मध्येच धोक्याची घंटा वाजली होती. दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या ‘अकॉर्ड’ चाचणीत साखर फार कडक आवळलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. त्यातल्याच सुमारे तीन हजार जणांच्या बुद्धीची तपासणी वेगळी केली होती, ती २०११ मध्ये छापून आली. चाळीस महिन्यांनंतर कडक गटात मेंदूचा आकार थोडा जास्त टिकला होता, पण विचाराच्या वेगात, स्मरणात काहीच फरक नव्हता. हे मी वाचलं होतं. परिषदेत त्यावर बोललेही होते. दिवाणजींच्या केसपेपरपर्यंत ते पोचलं नव्हतं.

त्या आठवड्यात आम्ही सगळं नव्यानं मांडलं. दोन वेळचं मिश्र इन्सुलिन बंद केलं. दिवसातून एकदाच, सकाळी, सुनेच्या हातून, कमी युनिटचं संथ इन्सुलिन. पेन कपाटात, किल्ली तिच्याकडे. एचबीएवनसी आठच्या आसपास राहिला तरी चालेल असं मी लिहून दिलं. तसं लिहिताना माझा हात अडखळला, इतकी वर्षांची सवय. रक्तदाब मात्र सोडला नाही, बारीक रक्तवाहिन्यांना त्याचाही मार बसतो.

बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व तपासलं, ते कमी पडलं तरी बुद्धी मंदावते. फारच कमी निघालं. दिवाणजी माळकरी, शुद्ध शाकाहारी. त्यात बारा वर्षं मेटफॉर्मिन, आणि त्या गोळीनं बी-ट्वेल्व्हचं शोषण कमी होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या मुलांवर काम केलं. आपल्याकडे बी-ट्वेल्व्हची कमतरता किती खोलवर आहे ते त्यातून महाराष्ट्राला कळलं. ते आपल्या घरातलं काम. तरी मी बारा वर्षांत एकदाही तपासणी सांगितली नव्हती, आणि तिच्यासाठी सोलापूरला जावंसुद्धा लागत नाही.

इंजेक्शनं दिली. दिवाणजींचा हातापायांचा मुंग्यांचा त्रास कमी झाला, चेहऱ्यावर तरतरी आली. घड्याळाचे काटे मात्र पुन्हा जागेवर आले नाहीत. एका निवृत्त शिक्षिकेच्या बाबतीत ते आले. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीनं सांगितलं, आईचं पुरण बिघडायला लागलंय, डाळ वाटून झाल्यावर गूळ घालायचं आठवतं. पूर्वी मी हसून सोडून दिलं असतं. त्यांचंही मेटफॉर्मिन जुनं, बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच, आणि थायरॉइडही मंदावलेलं. सहा महिन्यांत बाई सुधारल्या. होळीला त्यांनी मला पोळ्या पाठवल्या. प्रत्येक वेळी असं होत नाही, पण कुणाचं होईल हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आता माझ्याकडे साठीपुढच्या प्रत्येक मधुमेही पेशंटची फाइल नवी काढताना सिस्टर कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेते. तीन मिनिटं लागतात. वर्षातून एकदा पुन्हा. शुगर अचानक बिघडली तर डोस वाढवायच्या आधी आम्ही पेन हातात देतो आणि अर्धं मिनिट दुसऱ्याच विषयावर बोलतो. ‘हलगर्जी’ हा शब्द मी केसपेपरवर लिहीत नाही. २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत, गोव्यात तर प्रौढांमध्ये चारांतल्या एकाहून जास्त. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. या दोन गर्दींतली किती माणसं एकच आहेत, हे आपल्या ओपीडीत कुणी विचारत नाही, कारण एक रांग फिजिशियनकडे जाते आणि दुसरी, गेलीच तर, मेंदूच्या डॉक्टरकडे.

दिवाणजी त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं मला कधी ओळखायचे, कधी नाही. त्या सहा वर्षांत त्यांची शुगर एकदाही सत्तरच्या खाली गेली नाही. वहीत सूनबाईंचं अक्षर आहे, रोजच्या रोज, आणि प्रत्येक पानावर माथ्याशी थरथरत्या हातानं काढलेला ‘श्री’ आहे, कारण पान उलटलं की त्या आधी वही त्यांच्यापुढे धरायच्या.

तुमच्या घरात शुगरची वही असेल तर आज ती काढा. आकडे बाजूला ठेवा, दोन वर्षांपूर्वीचं अक्षर आणि आत्ताचं अक्षर शेजारी ठेवून बघा. गोळ्यांची पाकिटं मोजा, महिन्याला जेवढी संपायला हवीत तेवढीच संपली का ते बघा. वडील इंजेक्शनवरून चिडायला लागले असतील, आईचा स्वयंपाक चुकायला लागला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी माझ्यासारखं परत पाठवलं तर पुन्हा सांगा. आणि तपासणीला पेशंटला एकटं पाठवू नका. वही, पेन, पाकिटं आणि घरातलं एक माणूस, चारही बरोबर आणा.